कोलोनोस्कोपीचे अडकलेले क्लेम: मार्च-एप्रिल २०२५च्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

अमेरिकेत ओहायोतल्या एका छोट्या गॅस्ट्रो प्रॅक्टिसचं (पोट-आतड्यांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकचं) बिलिंग आमच्या पुण्याच्या टीमकडे आलंय. सोबत जुना साठाही आला. त्यात दोन ढीग आहेत. एक विमा कंपनीनं नाकारलेल्या क्लेमचा, म्हणजे पैशांच्या मागण्यांचा. दुसऱ्यातल्या क्लेमवर कंपनीनं निर्णय दिलाय, पण मोठी रक्कम पेशंटच्या नावावर टाकलीय. पहिल्या ढिगावर सगळ्यांची नजर असते, कारण तिथे प्रॅक्टिसचे पैसे अडकलेले दिसतात. दुसरा सिस्टीममध्ये 'पेड' किंवा 'पेशंट बॅलन्स' म्हणून शांत पडून राहतो. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतेय.

त्याचं कारण असं. अमेरिकेतल्या बहुतेक खासगी विमा योजनांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग (इथे कोलोनोस्कोपी, कॅमेऱ्याच्या नळीनं आतडं आतून बघणं), पेशंटकडून पैसे न घेता द्यावी लागते. मे २०२१मध्ये तिथल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं शिफारशीचं वय ५०वरून ४५वर आणलं, त्यामुळे असे पेशंट आणखी वाढले. माणूस काहीही त्रास नसताना तपासणीला येतो, आत पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) सापडतो, डॉक्टर तो तिथेच काढतात. नंतर घरी बिल येतं, त्यावर पीआर-१ म्हणजे डिडक्टिबल, विमा लागू होण्याआधी पेशंटनं स्वतः भरायची रक्कम. पूर्ण मोफत सांगितलेल्या तपासणीचं शेकडो डॉलरचं बिल. असं बिल हातात पडलेला माणूस पुढच्या तपासणीला येईलच असं नाही, आणि या आजारात वेळेवर येण्यालाच सगळं महत्त्व आहे.

कोडिंगचा नियम सरळ आहे. पेशंट कशासाठी आला त्यावरून पहिलं निदान ठरतं, आत काय सापडलं त्यावरून नाही. स्क्रीनिंगला आलेला माणूस पॉलिप निघाला तरी स्क्रीनिंगचाच राहतो.

(या नोंदींत पेशंटची ओळख पटेल असं काहीही नाही. उदाहरणांतले तपशील बदललेले आहेत. तुम्हीही कुठे लिहीत असाल तर हे आधी पाळा.)

५ मार्च, बुधवार

आलेली यादी रकमेनुसार लावलेली होती, मोठी बाकी वर. ती आधी मोडली आणि सर्व्हिसच्या तारखेनुसार लावली, सर्वांत जुनी वर. मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी विमा) मूळ क्लेम सर्व्हिसच्या तारखेपासून एका वर्षात जावा लागतो. खासगी कंपन्यांची मुदत करारावर असते, कुठे ९० दिवस, कुठे १८०. दुरुस्त क्लेमची मुदत आणखी वेगळी. रकमेच्या यादीत खाली राहिलेले बरेच लहान क्लेम हातातून गेलेत, त्यावर सीओ-२९ (मुदत संपली) येऊन पडलाय. ते प्रॅक्टिसला सोडून द्यावे लागतील आणि पेशंटकडून वसूलही करता येणार नाहीत. हे नुकसान भरून निघणारं नाही.

दुरुस्तीचा मार्ग खासगी आणि मेडिकेअरसाठी वेगळा आहे, आणि नव्या लोकांचा इथेच सर्वाधिक वेळ जातो. खासगी कंपनीला दुरुस्त क्लेम पाठवताना फ्रीक्वेन्सी कोड ७ (जुन्याच्या जागी हा क्लेम घ्या) आणि मूळ क्लेमचा नंबर लागतो. मेडिकेअर पार्ट बी (डॉक्टरांच्या सेवांचा भाग) फ्रीक्वेन्सी ७ घेत नाही. तिथे नाकारलेला क्लेम नव्यानं पाठवला तर डुप्लिकेट म्हणून सीओ-१८ लागतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) राहिला, निदान चुकलं अशा कारकुनी दुरुस्तीसाठी रीओपनिंग, म्हणजे जुना निर्णय पुन्हा उघडणं, मागायचं असतं. हातात आलेल्या मेडिकेअर फायलींत सीओ-१८चा थर दिसतोय. कुणीतरी तोच क्लेम पुन्हा पुन्हा पाठवत राहिलंय.

१० मार्च, सोमवार

काल अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली. क्लिनिक आता आपल्या संध्याकाळी साडेपाचला उघडतं, आधी साडेसहाला उघडायचं. फोनची वेळ ठरवताना हे धरा.

खासगी विम्याच्या क्लेमना हात घातला. नमुना जवळजवळ एकच: ४५३८५ (स्नेअर म्हणजे तारेच्या फासानं पॉलिप काढणं), निदान डी१२.५ (सिग्मॉइडमधली सौम्य गाठ), मॉडिफायर नाही. विमा कंपनीच्या सिस्टीमला यात स्क्रीनिंग कुठेच दिसत नाही. तिला दिसतो एक आजार आणि त्यावरचा उपचार. मग डिडक्टिबल लागणारच.

दुरुस्ती: ४५३८५-३३ (३३ म्हणजे प्रतिबंधक सेवा). पहिलं निदान झेड१२.११ (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग), दुसरं डी१२.५. काहीच सापडलं नसेल तर ४५३७८-३३ (नुसती कोलोनोस्कोपी) आणि झेड१२.११.

पहिली तुकडी पाठवली, क्लिअरिंगहाउसनं (क्लेम विमा कंपनीकडे पोचवणारी मधली संस्था) घेतली, आणि निर्णय पुन्हा पीआर-१. मॉडिफायर जागेवर, झेड१२.११सुद्धा जागेवर. कारण शोधण्यात बराच वेळ गेला. शेवटी क्लेमची छापील प्रतिमा उघडून रकाना रकाना वाचला. रकाना २१मध्ये 'ए'समोर झेड१२.११ आणि 'बी'समोर डी१२.५, अगदी बरोबर. पण ४५३८५च्या ओळीवर रकाना २४-ईमध्ये पॉइंटर 'बीए' होता. म्हणजे त्या ओळीसाठी पहिलं निदान गाठ, दुसरं स्क्रीनिंग. प्रॅक्टिसचं सॉफ्टवेअर पेशंटच्या प्रॉब्लेम लिस्टच्या क्रमानं पॉइंटर आपोआप भरत होतं. आपण वरचा क्रम बदलला तरी खालचा तसाच राहत होता.

सेटिंग बंद करून घेतली, पॉइंटर हातानं 'एबी' केले. पुढची तुकडी व्यवस्थित प्रोसेस झाली. स्क्रीनवरचा क्लेम बघून समाधान मानू नका, बाहेर जाणारी फाइल बघा.

१४ मार्च, शुक्रवार

आज आपल्याकडे धुळवड, क्लिनिक मात्र चालू. शिफ्टला मोजकेच लोक, त्यामुळे शांतपणे रिपोर्ट वाचता आले.

आज एक मोठं कारण हाती लागलं. बऱ्याच रिपोर्टमध्ये 'इंडिकेशन' (तपासणीचं कारण) या ओळीत 'रेक्टल ब्लीडिंग' किंवा 'अ‍ॅब्डॉमिनल पेन' आहे, पण त्याच पेशंटच्या नर्सिंग इनटेकमध्ये (पेशंट आल्यावर नर्सनं घेतलेली माहिती) 'रूटीन स्क्रीनिंग, तक्रार नाही' असं लिहिलंय. रेफरलवरही (पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी) स्क्रीनिंगच. क्लिनिकच्या मॅनेजरना फोन केल्यावर उलगडा झाला: एन्डोस्कोपीच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडिकेशनचा रकाना आधीच्या भेटीतून उचलला जातो. दोन वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी आलेला माणूस आज स्क्रीनिंगला आला तरी रिपोर्ट पोटदुखीचाच निघतो. डॉक्टर दिवसभर एकामागून एक प्रोसिजर करतात. खालचे निष्कर्ष ते स्वतः लिहितात, वरची ओळ भरलेली दिसली की पुढे जातात.

इथे कोडरनं इनटेक बघून परस्पर झेड१२.११ लावायचं नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट एक सांगतो आणि बाकीची कागदपत्रं दुसरं, तेव्हा क्वेरी करायची, म्हणजे डॉक्टरांनाच लेखी विचारायचं. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. आम्ही पाठवतो तो मजकूर असा:

"रिपोर्टमध्ये इंडिकेशन रेक्टल ब्लीडिंग आहे. त्याच दिवसाच्या इनटेकमध्ये तक्रार नसल्याची नोंद आहे, रेफरल स्क्रीनिंगचं आहे. या प्रोसिजरचं कारण आपल्या वैद्यकीय निर्णयानुसार कृपया स्पष्ट करावं: स्क्रीनिंग / सर्व्हेलन्स / लक्षणांसाठी / इतर / सांगता येत नाही."

अर्थातच जाते इंग्रजीतून. सर्व्हेलन्स म्हणजे पूर्वी पॉलिप निघालेल्यांची ठरावीक काळानं पुन्हा तपासणी. उत्तर आलं की डॉक्टरांनी रिपोर्टला अ‍ॅडेंडम (पुरवणी नोंद) जोडायचा, आजच्या खऱ्या तारखेनं. मागची तारीख टाकलेला अ‍ॅडेंडम म्हणजे ऑडिटमध्ये स्वतःहून दिलेला पुरावा. डॉक्टरांना या क्वेरींचा सुरुवातीला वैताग आला. मग मॅनेजरनी आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक ठरवली, सगळ्या क्वेरी एकदम. त्यानं काम हललं.

आजच एक उलटा प्रसंग आला. पेशंटचा फोन: बिल रद्द करा, मी स्क्रीनिंगला आलो होतो. चार्टमध्ये मात्र तीन आठवडे शौचातून रक्त जात असल्याची डॉक्टरांची स्वतःच्या शब्दांतली नोंद, त्यासाठीची आधीची भेट, त्यावरून मागवलेली कोलोनोस्कोपी. फ्रंट डेस्ककडून विनंती आली, 'जमलं तर स्क्रीनिंग करून टाका, पेशंट चांगला आहे.' नाही करता येत. ही डायग्नोस्टिक आहे, म्हणजे लक्षणांमुळे केलेली. तिच्यावर झेड१२.११ लावणं म्हणजे खोटा क्लेम. पेशंटचं नुकसान मलाही दिसतं, पण त्याचा मार्ग हप्त्यांची सोय आणि प्रॅक्टिसच्या आर्थिक मदतीचा अर्ज हा आहे, कोड बदलणं हा नाही. ज्यांच्यावर खरोखर अन्याय झालाय त्यांचे क्लेम टिकायला हवे असतील तर आपली प्रत्येक दुरुस्ती स्वच्छ असायला हवी.

१९ मार्च, बुधवार

आता नाकारलेला ढीग. सर्वांत जास्त सीओ-९७, म्हणजे 'दुसऱ्या सेवेत समाविष्ट'.

एक रिपोर्ट इथे उलगडून ठेवते. 'सिग्मॉइडमध्ये ६ मिमीचा पॉलिप, कोल्ड स्नेअरनं काढला. ट्रान्सव्हर्समध्ये ३ मिमीचा, कोल्ड फोर्सेप्सनं काढला.' पहिल्याला ४५३८५. स्नेअर गरम असो की थंड, कोड तोच. दुसऱ्याला ४५३८०, म्हणजे बायॉप्सीचाच कोड, जरी डॉक्टरांनी 'पॉलिपेक्टॉमी' लिहिलं असलं तरी. फोर्सेप्समधून (चिमट्यातून) करंट दिला असेल, म्हणजे हॉट बायॉप्सी, तरच ४५३८४. मुद्दा हत्याराचा आहे, रिपोर्टच्या मथळ्याचा नाही.

एनसीसीआयच्या (कोणते कोड एकत्र लावता येतात याचे मेडिकेअरचे नियम) एडिटनुसार ४५३८० हा ४५३८५मध्ये सामावतो. गाठी वेगळ्या असतील तर ४५३८०वर ५९, म्हणजे वेगळ्या कामाची खूण (किंवा विमा कंपनी मागत असेल तर एक्सएस), लावून त्याचे पैसे वेगळे मिळतात. एकाच गाठीतून आधी तुकडा घेतला आणि मग तीच स्नेअरनं काढली तर फक्त ४५३८५. जुन्या क्लेममध्ये दोन्ही टोकं सापडली: वेगळ्या गाठी असून ५९ नाही, आणि एकच गाठ असून ५९ आहे. दुसऱ्या प्रकारात पैसे जास्त आलेत, ते परत करायच्या यादीत घातले. मॅनेजरना हे आवडलं नाही, पण त्यांनी मान्य केलं.

गाठीखाली द्रव टोचून ती उचलली आणि स्नेअरनं काढली की काही चार्टवर थेट ४५३९० (ईएमआर, म्हणजे गाठ अस्तरासकट काढणं) लागलेला होता. ईएमआरला टोचणं, कडा आखून घेणं आणि काढणं हे तिन्ही रिपोर्टमध्ये हवं. कडा आखल्याचा उल्लेख नसेल तर ४५३८१ (टोचणं) आणि ४५३८५. आणि पॉलिप काढताना स्वतःच झालेलं रक्त थांबवलं तर ४५३८२ लावायचा नाही, तो त्याच कामाचा भाग.

एआरमधल्या (येणं बाकी बघणाऱ्या विभागातल्या) सहकारीनं काही क्लेमवर 'दुसऱ्या ओळीला फारच कमी पैसे' म्हणून अपील तयार केले होते. ते थांबवले. एकाच मूळ कोडच्या कुटुंबातल्या एन्डोस्कोपींना सर्वांत जास्त मूल्याची ओळ पूर्ण मिळते, आणि पुढच्या ओळीला तिच्या स्वतःच्या मूल्यातून मूळ कोड ४५३७८चं मूल्य वजा करून उरलेला फरक. डॉक्टरांच्या कामाचे २०२५चे आरव्हीयू (कामाचे गुण, त्यांवरून दर ठरतो) बघा: ४५३७८ला ३.२६, ४५३८०ला ३.५६. उरतात ०.३०. म्हणजे दुसऱ्या ओळीवर येणारी लहान रक्कम बरोबरच असते. अपील लिहिण्याआधी ही वजाबाकी करा, बराच वेळ वाचेल.

२५ मार्च, मंगळवार

मेडिकेअर. इथे कोडच वेगळे. काही सापडलं नाही तर सर्वसाधारण जोखमीसाठी जी०१२१, जास्त जोखमीसाठी जी०१०५. पॉलिप काढला तर ४५३८५सारखा नेहमीचा कोड आणि त्यावर पीटी (स्क्रीनिंगमध्ये उपचारही करावा लागल्याची खूण). ३३ इथे चालत नाही. १९ मार्चच्या रिपोर्टसारखा पेशंट मेडिकेअरचा असेल तर ४५३८५-पीटी आणि ४५३८०-५९-पीटी. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजला (खासगी कंपन्यांमार्फत मिळणारं मेडिकेअर) मात्र त्या त्या कंपनीचं धोरण उघडून बघा.

जी०१२१ला दहा वर्षांची, म्हणजे १२० महिन्यांची मर्यादा. जी०१०५ला २४ महिन्यांची. पूर्वी अ‍ॅडेनोमा (कॅन्सरमध्ये बदलू शकणारा पॉलिप) काढलेला पेशंट पाच वर्षांनी आला, जी०१२१ गेला, मर्यादा ओलांडली म्हणून नाकारला. तो जी०१०५ असता तर अडलाच नसता. असे पुष्कळ निघाले, आणि मागे एक वेगळंच कारण होतं. पूर्वीच्या पॉलिपचा कोड झेड८६.०१० हा १ ऑक्टोबर २०२४पासून पुढे विभागला गेला. आता अ‍ॅडेनोमा आणि सिरेटेडसाठी झेड८६.०१०१, हायपरप्लास्टिकसाठी झेड८६.०१०२ अशी पूर्ण लांबी लागते. क्लिनिकच्या 'फेव्हरिट्स'मध्ये जुना कोड तसाच राहिला. क्लेम क्लिअरिंगहाउसमध्ये रिजेक्ट झाले, आणि ते सुटावेत म्हणून कुणीतरी इतिहासाचा कोड काढून टाकला. कोड गेला, जास्त जोखमीचं कारण गेलं, मागोमाग जी०१०५ही गेला.

रिजेक्शन सुटलं म्हणजे क्लेम सुटला असं नाही. जुन्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून प्रकार बघून कोड लावले. जुना रिपोर्ट नसेल तिथे झेड८६.०१०० (प्रकार माहीत नाही).

पॅथॉलॉजीवरून आठवलं: निकाल यायच्या आत क्लेम सोडू नका. अ‍ॅडेनोमा आला तर डी१२ आणि जागेनुसार पुढचा आकडा, हायपरप्लास्टिक आला तर के६३.५, गुदाशयातला असेल तर के६२.१. काही दिवस थांबण्यानं मुदत बुडत नाही, आणि पुढच्या वेळचा 'पूर्वीचा पॉलिप' कोणता हे आजच्याच कोडवरून ठरतं.

१ एप्रिल, मंगळवार

तिमाहीची नवी एनसीसीआय फाइल चढवली. कोलोनोस्कोपीच्या जोड्या तपासून पुढे गेलो.

आजचा विषय अर्धवट राहिलेल्या कोलोनोस्कोपींचा. एक वयस्कर पेशंट, मेडिकेअर, पोट नीट साफ झालेलं नव्हतं. स्कोप ट्रान्सव्हर्सपर्यंत (मोठ्या आतड्याचा मधला आडवा भाग) गेला, पुढे काही दिसेना, डॉक्टरांनी थांबवलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. पहिला क्लेम नुसता जी०१२१ गेला आणि पूर्ण पैसे आले. दोन महिन्यांनी पेशंटनं तो सगळा खटाटोप पुन्हा केला, उपास, रात्रभराचं औषध, मुलीनं कामावर रजा घेतली. तपासणी पूर्ण झाली आणि क्लेम नाकारला: दहा वर्षं झाली नाहीत.

पहिला क्लेम जी०१२१-५३ (५३ म्हणजे मध्येच थांबवलं) जायला हवा होता. ५३ असला की मेडिकेअर ती तपासणी अपुरी धरते आणि दुसरीचा हक्क शाबूत राहतो. आधी जुन्याचं रीओपनिंग मागून ५३ लावला, त्यावर जास्तीचे पैसे परत जातील. तो सुधारल्यावर दुसऱ्याचं रीओपनिंग. क्रम उलटा केला तर दुसरा पुन्हा अडकतो.

त्याच धाग्यातलं थोडक्यात: सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) पोचायचं ठरलेलं असून न पोचलेली, काहीही न काढलेली खासगी विम्याची तपासणी ४५३७८-५३. वाटेत पॉलिप काढला पण सीकम गाठलं नाही तर ४५३८५-५२ (५२ म्हणजे काम कमी झालं). स्कोप स्प्लेनिक फ्लेक्शरच्या (आतड्याच्या डावीकडच्या वळणाच्या) पुढे गेलाच नाही आणि पूर्ण तपासणीचा बेतही नव्हता, तर ती कोलोनोस्कोपीच नव्हे. आणि हे सगळं डॉक्टरांच्या क्लेमचं. सर्जरी सेंटर ७३ किंवा ७४ लावतं, भूल देण्याआधी थांबवलं की नंतर यावरून.

रिपोर्टमध्ये 'सीकम गाठलं' यापुरतं थांबू नका असं डॉक्टरांना सांगितलं. अपेंडिक्सचं तोंड आणि इलिओसीकल व्हॉल्व्ह (या सीकमच्या खुणा) दिसल्याची नोंद आणि फोटो असला की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

शौचाची घरगुती चाचणी, कोलोगार्ड किंवा एफआयटी, पॉझिटिव्ह आली म्हणून केलेल्या कोलोनोस्कोपी. इथे पूर्वी पेशंट हमखास अडकायचा, कारण पॉझिटिव्ह चाचणी म्हणजे लक्षण, लक्षण म्हणजे डायग्नोस्टिक असं धरलं जायचं. मेडिकेअरनं १ जानेवारी २०२३पासून ही कोलोनोस्कोपी त्याच स्क्रीनिंगचा पुढचा भाग मानली. जी०१२१वर केएक्स (पॉझिटिव्ह चाचणीनंतरची तपासणी असल्याची खूण) लावायचा, आणि तिला दहा वर्षांची मर्यादाही लागत नाही. खासगी योजनांना हेच ३१ मे २०२२ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या योजना-वर्षांपासून बंधनकारक आहे.

क्लिनिकच्या फायलींत या सगळ्यांवर नुसता आर१९.५ (शौचात असामान्य काही आढळलं) होता. खासगीला झेड१२.११ पहिला, आर१९.५ दुसरा, मॉडिफायर ३३. मेडिकेअरला केएक्स. चाचणीचा रिपोर्ट चार्टमध्ये नव्हता, तो फॅमिली डॉक्टरांच्या ऑफिसातून मागवावा लागला. त्यांच्या फॅक्सची वाट पाहण्यात दिवस गेले. पुढच्यासाठी शेड्युलिंगच्या वेळीच तो रिपोर्ट घ्यायची सोय करून घेतली.

१५ एप्रिल, मंगळवार

सुधारलेल्या क्लेमचे ईओबी (विमा कंपनीची हिशेबपत्रं) येऊ लागलेत. आता पेशंटचे पैसे. ज्यांनी चुकीचं बिल भरून टाकलं होतं त्यांचे परतावे काढायला लावले, आणि वसुलीकडे गेलेली खाती तिथून परत मागवली. क्लेम सुधारला म्हणून पेशंटचं खातं आपोआप सुधारत नाही, ते कुणीतरी उघडून बघावं लागतं.

मेडिकेअरच्या काही पेशंटना तरीही बिल लागेल, आणि ते बरोबर आहे. पीटी लागला की डिडक्टिबल माफ होतं, पण पॉलिप काढला असेल तर २०२३ ते २०२६ या वर्षांत १५ टक्के वाटा राहतो. २०२७पासून तो १० टक्के आणि २०३०पासून शून्य. फ्रंट डेस्कसाठी हे चार ओळींत लिहून दिलं, म्हणजे तपासणीच्या आधीच सांगितलं जाईल. तसंच खासगी योजनांपैकी काही सर्व्हेलन्सला प्रिव्हेंटिव्ह धरत नाहीत. तिथेही आधी विचारून पेशंटला सांगायचं.

आमच्या हातात नसलेला भाग भुलीच्या बिलाचा. एका कोलोनोस्कोपीची बिलं डॉक्टर, सेंटर, भूल आणि पॅथॉलॉजी अशी वेगवेगळी जातात. आमचा क्लेम स्क्रीनिंगचा झाला तरी भुलीचा ००८११ (स्क्रीनिंग न दाखवणारा कोड) तसाच राहिला तर पेशंटला ते बिल येतच राहतं. मेडिकेअरसाठी स्क्रीनिंगमध्ये पॉलिप निघाला तर ००८११-पीटी, काही निघालं नाही तर ००८१२. भूल देणाऱ्या ग्रुपच्या बिलिंगला सुधारलेल्या क्लेमची यादी आणि अ‍ॅडेंडम सुरक्षित मेलनं पाठवलेत. काहींवर त्यांनी काम सुरू केलंय, बाकीचं उत्तर बाकी आहे. ५३वाल्या पेशंटचं दुसरं रीओपनिंगही अजून प्रलंबित. या दोन्हींचा पाठपुरावा दर मंगळवारी.